लोकापवाद आणि विद्यार्थिनी : शारदा सदन ते हिंगणे

पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहाचे प्रकरण मराठी वाचकाला अपरिचित नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी मिशनमधील व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हाताळली. आणि गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांची नावे त्या यादीत होती. ग्रामण्य उभे राहिले आणि वाद संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांपुढे गेला. त्यांनी चौकशीसाठी नेमलेले दोन शास्त्री म्हणजे व्यंकटशास्त्री निपाणीकर आणि बिंदुमाधवशास्त्री धारवाडकर. आडनावांवरून तरी दोघेही आपल्याच मुलखाशी नाते सांगणारे. पीठ संकेश्वरचे, एक शास्त्री निपाणीचा, दुसरा धारवाडचा, आणि आरोपी पुण्याचे सुधारक! पुण्यात काय घडते त्याच्याशी आपल्या सीमाभागाचा संबंध केवळ वाचनापुरता नव्हता, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यांच्या तरुण अनुयायांना ते मानवले नाही आणि सनातन्यांचेही त्याने समाधान झाले नाही.

हे प्रकरण आरंभीच सांगण्याचे कारण असे की, पुढे अवघ्या वर्ष-दीड वर्षाने शारदा सदनाचे वादळ उठले तेव्हा सुधारकांच्या गाठीशी लोकविश्वासाची पुंजी फारशी उरलेली नव्हती. चहाचे ग्रामण्य आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा या दोहोंत ती बरीचशी खर्ची पडली होती. रानडे आणि भांडारकर यांनी १८९३ च्या ऑगस्टमध्ये जे केले त्याचा विचार ही पार्श्वभूमी सोडून करणे योग्य होणार नाही.

पंडिता रमाबाईंचे घराणेही एका अर्थाने आपल्यासारखेच, घाटापलीकडून येऊन कन्नड मुलखात स्थायिक झालेल्यांपैकी. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कारकळजवळच्या माळ गावचे चित्पावन. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकण्यास राहिले आणि तेथे पेशव्यांच्या घरातील स्त्री संस्कृत शिकते हे त्यांनी पाहिले. आपल्या पत्नीला आणि पुढे मुलींना संस्कृत शिकवण्याचा त्यांचा हट्ट तेथून आला. त्या हट्टापायी गाव सोडावे लागले आणि गंगामूळच्या रानात आश्रम थाटावा लागला. त्या रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. लोकापवाद हा जणू त्यांना वारशानेच मिळालेला होता.

इंग्लंडात १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या आणि दोन-अडीच वर्षे तेथेच फिरत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी शाळा काढावयाची, हा हेतू सांगत त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली. त्यातून डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि ठिकठिकाणी ‘रमाबाई मंडळे’ निघाली. सभासदाने वर्षाला थोडी वर्गणी द्यावयाची आणि ती दहा वर्षे देत राहण्याचे वचन द्यावयाचे, अशी साधी रचना होती. या मंडळांत चर्चच्या भगिनी होत्या, तशीच महाविद्यालयीन तरुण मंडळीही होती. कॉर्नेल विद्यापीठात निघालेले मंडळ तर आरंभीच्या मंडळांपैकी. जिला कधी पाहावयाचे नाही अशा बालविधवेसाठी वर्षाला एखादा डॉलर काढून ठेवणाऱ्या त्या विद्यार्थ्यांचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. मात्र त्यांना यात जोखीम काही नव्हती, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. त्यांचा डॉलर जाणार होता. त्यांची बहीण जाणार नव्हती.

असोसिएशनने शाळा धर्मनिरपेक्ष ठेवण्याचे ठरविले होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले, त्या समारंभाला अध्यक्ष काशीबाई कानिटकर होत्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. मुलींच्या जातीचे आचार पाळले जातील, स्वयंपाकाची व्यवस्था त्यानुसार राहील, धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असा करार होता. आणि त्या कराराला जामीन म्हणून सल्लागार मंडळावर रानडे, भांडारकर यांच्यासारखी नावे होती.

मुली येत कशा, हा खरा पाहण्याजोगा भाग आहे. जाहिरात वाचून कोणी विधवा आपण होऊन येत नव्हती. तशी तिला मुभाच नव्हती. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती देवरुखच्या जोशांची मुलगी, अगदी लहानपणी विधवा झालेली. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होता, त्याने तिला तेथे आणले आणि सदनात घातले. नरहरपंतांच्या बिऱ्हाडातले सोबती होते धोंडो केशव कर्वे. म्हणजे विद्यार्थिनी मिळण्याची वाट अशी होती : आधी एक शिकलेला भाऊ, त्याची शहरातली ओळख, त्या ओळखीच्या माणसाने घातलेला शब्द, आणि मग कुठे मुलगी. ही साखळी पुरती माणसांच्या भरवशावर उभी होती. एक कडी निखळली की पुढचे सगळे निखळावयाचे.

बेळगाव, शहापूर, चिकोडी, निपाणी या आपल्या भागातील घरांची कल्पना करून पाहावी. कोणी पटवर्धनांबरोबर आलेले, कोणी पेशवाईत देशमुखी-कुलकर्ण्याच्या निमित्ताने रुजलेले, कोणी इंग्रजी कचेरीच्या नोकरीने छावणीत येऊन राहिलेले. शहापूर तर त्या वेळी सांगली संस्थानात. जिल्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे पुण्या-मुंबईची पत्रे येथे येत. बेळगावात स्वतःचे ‘बेळगाव समाचार’ १८६३ पासून निघत होते. १८९० च्या सुमारास रेल्वेनेही पुणे जोडले गेले. सोयरीक मात्र घाटापलीकडे, कोकणात, मिरज-सांगलीस, पुण्यास. परमुलखात राहणाऱ्या घराला आपली पत दूरच्या सोयऱ्यांच्या बोलण्यातून जपावी लागते. समक्ष जाऊन खुलासा करण्याची संधी त्याला नसते. घरात एक विधवा वहिनी किंवा बहीण असली आणि तिच्या मागे लग्नाच्या दोन पुतण्या असल्या, तर तिला पुण्याच्या शाळेत धाडण्याचा निर्णय तिच्यापुरता राहत नसे. पत्रात पहिली विचारणा व्हावयाची ती शिक्षण कसे आहे याची नव्हे, तर तेथे रानडे आहेत ना, याचीच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मिशनऱ्यांची भीती सरसकट नव्हती. लंडन मिशन बेळगावात १८२० मध्येच आले होते आणि त्यांच्या इंग्रजी शाळेत, जिला पुढे बेनन-स्मिथ हे नाव मिळाले, आपल्या घरांतील मुलगे खुशाल शिकत. मिरजेस डॉ. वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये निघाले, तेव्हा तर या भागातून गाड्या भरून रोगी जाऊ लागले. मुलाला बायबलचा तास चालत असे, आजाऱ्याला ख्रिस्ती दाक्तराचा हात चालत असे. विधवेच्या बाबतीत मात्र तसे नव्हते, कारण मुलगा संध्याकाळी घरी येतो आणि रोगी बरा होऊन परततो. विधवेला संस्थेच्या स्वाधीन करावयाचे म्हणजे तिचे सर्वस्वच स्वाधीन करावयाचे.

सदनाविषयी कुजबूज सुरू झाली ती प्रथम अमेरिकेतल्याच एका मजकुरावरून. १८८९ च्या अखेरीस तेथील एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातील काही मुलींचा ओढा ख्रिस्ताकडे होत असल्याचा उल्लेख आला आणि ‘केसरी’ने तो उचलून धरला. या संस्थेची सारी अडचण या एका मजकुरात दिसते. दोन श्रोतृवर्गांना एकच वार्ता सांगावयाची होती, आणि एकाच्या कानाला जी सुवार्ता, ती दुसऱ्याच्या कानाला दुर्वार्ता. देणारे बोस्टनला, मुली देणारे पुण्यास. बोस्टनच्या वाचकाला आनंद व्हावा म्हणून लिहिलेली ओळ आगबोटीने महिन्याभरात पुण्यास पोचत असे. आपण फक्त देणाऱ्यांशी बोलतो आहोत अशा समजुतीत राहिलेल्या अनेक सेवाभावी संस्था याच ठिकाणी अडखळल्या आहेत.

रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह प्रार्थना करीत. दार उघडे असे. कोणी मुलगी येऊन बसली तर तिला त्या उठवीत नसत. पुढे अशा येऊन बसणाऱ्या मुली वाढल्या. पालकांच्या कानावर गेले, काहींनी सल्लागारांना लिहिले, आणि ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सदनाशी असलेला संबंध तोडल्याचे पत्र प्रसिद्ध केले. संस्था जर उघडपणे धर्मांतराच्या दिशेने चालणार असेल तर आपली नावे तिच्याशी जोडलेली राहू नयेत, असा त्याचा आशय होता. पाठोपाठ वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. साठाच्या आत-बाहेर विद्यार्थिनी असलेल्या शाळेला हा धक्का केवढा, हे सांगावयास नको.

रमाबाईंनी शब्द मोडला काय? या प्रश्नाची दोन ठाम उत्तरे आपल्याकडे शंभर वर्षे दिली जात आहेत आणि मला दोन्ही अपुरी वाटतात. आपण ख्रिस्ती आहोत हे त्यांनी कधी लपविले नाही. सक्ती केली, असा पुरावा नाही. मुलींना त्यांच्या धर्माचे आचार पाळण्याची मोकळीक होती, हे सदनातील मुलींच्या पुढील आठवणींवरून दिसते. परंतु तटस्थता या शब्दाचा अर्थ दोन्ही पक्षांनी वेगवेगळा धरला होता. रमाबाईंच्या लेखी तटस्थता म्हणजे कोणाला अडवावयाचे नाही आणि कोणाला ओढावयाचे नाही. पालकांच्या लेखी तटस्थता म्हणजे मुलगी जशी पाठविली तशीच परत मिळणे. सासरी-माहेरी अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसविलेल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीला ज्या घरात प्रथमच कोणी जवळ घेतले, त्या घरातील उघडे दार हे नुसते उघडे दार नसते. हे रमाबाईंना कळत नव्हते असे मानणे त्यांच्या बुद्धीचा अपमान होईल.

सल्लागारांकडे पाहावे तर त्यांनीही आपली नावे कारभारात पुरते लक्ष घालून दिली नव्हती. ती जामिनाखातर दिली होती. जामीन काढून घेतला की ऋणको उघडा पडतो, तसे झाले. पत्र प्रसिद्ध करण्यापूर्वी मुलींच्या भवितव्याची काही पर्यायी सोय पाहिली गेली नाही. काढून नेलेल्या मुली गेल्या त्या त्याच स्वयंपाकघरांत, जेथून त्या आल्या होत्या. वादाची चर्चा रमाबाईंचा हेतू आणि ‘केसरी’ची भाषा याभोवती फिरत राहिली आहे, या वीस-पंचवीस जणींकडे तिचे लक्ष क्वचितच वळले.

लोकापवादाने विद्यार्थी गळतातच असे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. त्याचे उदाहरण निपाणीच्या शेजारीच आहे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’-‘मराठा’त आलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. न्यू इंग्लिश स्कूल तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचे. शाळेचे दोन चालक शिक्षा भोगून आलेले, ज्या पत्रांवरून त्यांनी मजकूर छापला ती बनावट ठरलेली. एवढ्या अपकीर्तीने एखादी शाळा बंद पडावी. परंतु ते सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचा सत्कार केला, शाळा वाढत राहिली, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या कैवारासाठी तुरुंगात गेलेल्या मास्तरांकडे मुलगा पाठविण्यात पालकाचे काही जात नव्हते. उलट भूषण होते. पालकाने ज्या भरवशावर मूल हवाली केले, त्या भरवशालाच अपवादाने हात घातला की नाही, यावर सगळे अवलंबून होते. १८८२ मध्ये तो घातला नव्हता, १८९३ मध्ये नेमका तोच घातला.

अमेरिकेतील मंडळांचे काय झाले? ती बहुतांशी टिकली. असोसिएशनच्या श्रीमती ज्यूडिथ अँड्र्यूज प्रत्यक्ष पुण्यास येऊन पाहून गेल्या आणि असोसिएशन रमाबाईंच्या पाठीशी राहिले. पुढे १८९५ मध्ये स्वामी विवेकानंदांनी ब्रुकलिन येथे हिंदू विधवेच्या स्थितीविषयीच्या तिकडील वर्णनांना हरकत घेतली, तेव्हा तेथील रमाबाई मंडळाच्या स्त्रिया वर्तमानपत्रांतून त्यांच्याशी हिरिरीने भांडल्या. बाहेरून आघात झाल्यावर ती मंडळे अधिक घट्ट झाली, असेच म्हणावे लागेल. पुण्याच्या पालकाला जी बातमी विश्वासघाताची वाटली, तीच दूरच्या सभासदाला आपल्या कार्यकर्तीवरील छळाची वाटली. स्वामीजींनी त्या सुमारास व्याख्यानाच्या उत्पन्नातून बंगालमधील शशिपद बॅनर्जी यांच्या विधवांच्या शाळेला मदत पाठविली, ही बाब मात्र या भांडणाच्या गलबल्यात बहुधा विसरली जाते.

पैसा होता, इमारत होती, शिक्षिका होत्या. मुली कोठून आणावयाच्या? १८९५ मध्ये सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्याच्या ब्राह्मण घरांचा उरलासुरला दरवाजाही जवळजवळ मिटला. याचे उत्तर दुष्काळाने दिले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावला घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभारल्या गेल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तिसदनाची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. आकडा पाहिला तर लोकापवादाने संस्थेचे काही बिघडले नाही, उलट ती तीस पटींनी वाढली असे दिसेल. परंतु आल्या कोण, हे पाहिले की चित्र पालटते. पहिल्या सदनात ज्या येत त्यांच्यामागे भाऊ, दीर, मामा होते. कोणीतरी पत्र लिहून चौकशी करणारा होता. केडगावला आलेल्यांच्या मागे कोणी उरलेच नव्हते. जिच्यासाठी कोणी रानड्यांचे नाव विचारणार नाही, तिलाच आता संस्थेचे दार मोकळे होते. १८९८ मध्ये दहा वर्षांची वचने संपली; रमाबाई अमेरिकेस जाऊन आल्या आणि नव्या असोसिएशनने उघडपणे ख्रिस्ती कार्य म्हणून मदत चालू ठेवली. तटस्थतेचा करार त्याबरोबर संपला, आणि एका दृष्टीने संस्थेची ओढाताणही संपली. पुढे १९१३ मध्ये मनोरमाबाईंनी गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, शाळा काढली तेव्हा ती कोणाची आणि कसली हे कोणाला विचारावे लागले नाही.

ज्या घरांनी मुली काढून नेल्या त्या घरांतील गरज मात्र तशीच होती. ती ओळखली धोंडो केशव कर्वे यांनी. रमाबाई आणि कर्वे यांच्या वयात अवघ्या पाच दिवसांचे अंतर; कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. मार्च १८९३ मध्ये, म्हणजे सदनाचे वादळ उठण्यापूर्वी पाच महिने, त्यांनी सदनाच्याच गोदूबाईंशी पुनर्विवाह केला होता आणि त्यापायी मुरुड गावाने घातलेला बहिष्कार सोसला होता. लोकापवादाचा अर्थ त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. जून १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. भांडारकर. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी एका संस्थेवरून नाव काढून घेतले, त्यांनीच ते दुसरीला दिले. मला ही घटना भांडारकरांच्या सचोटीची वाटते. राजीनाम्याचे जे ऋण राहिले होते ते त्यांनी अशा रीतीने फेडले.

कर्व्यांच्या आश्रमाचे नियम वाचताना १८९३ ची सावली पानोपानी जाणवते. आश्रम हिंदू असेल. आश्रम विधवांची लग्ने लावणार नाही. ज्याने स्वतः पुनर्विवाह केला आणि पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली, त्याने हे ठरवावे! पुढे आश्रमाविषयी शंका राहू नये म्हणून त्या मंडळीच्या कामातूनही ते बाजूला झाले. आगरकरांच्या पठडीतल्या तरुणांना ही माघार वाटली असेल, आणि ती काही अंशी होतीही. पण कर्व्यांना मुली हव्या होत्या, आणि मुली ज्यांच्या हाती होत्या त्यांना काय चालेल याचा अंदाज त्यांना होता. प्लेगमुळे १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर झोपडी उभी राहिली, आणि कर्वे फर्ग्युसनमधील शिकवणे सांभाळून तेथवर चार मैल पायी जात-येत राहिले. स्वतःच्या आयुर्विम्याची पाच हजारांची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे केली.

मुली आणण्याचे आणि पैसा गोळा करण्याचे काम ज्यांनी वर्षानुवर्षे केले त्या पार्वतीबाई आठवले या गोदूबाईंच्याच सख्ख्या बहीण. त्याही तरुणपणी विधवा झालेल्या, पदरी एक मुलगा. त्या गावोगाव हिंडत त्या केशवपन केलेल्या विधवेच्या वेषात, आणि पुष्कळ वर्षे त्यांनी तो वेष सोडला नाही. घरातल्या सासूला आणि आजेसासूला समोर बसलेली ही बाई आपल्यातलीच दिसे. छापील पत्रक, थोरांची नावे, वार्षिक अहवाल यांनी जो भरवसा आला नसता तो त्या मुंडण केलेल्या मस्तकाने आणि अंगावरच्या लुगड्याने येत असे. रमाबाईंचे पांडित्य त्यांच्याजवळ नव्हते आणि इंग्रजी तर त्यांना फारसे येतही नव्हते. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे त्यांना प्रवेश होता. हिंगण्याचे दार अशा रीतीने हळूहळू भरत गेले. १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले, त्यांच्याही मुळाशी पार्वतीबाईंची ही पायपीट आहे.

गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे, यांची स्थिती मात्र विलक्षण झाली. शारदा सदनाच्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी आणि हिंगण्याच्या संस्थापकांच्या पत्नी. पुनर्विवाहित बाई आश्रमात वावरते हे पालकांना कळले तर मुली येणार नाहीत, म्हणून त्या आश्रमाला त्यांना अंतरावरूनच मदत करावी लागली. बहीण तेथे अधिकाराने काम करीत होती. बाया संसाराची ओढाताण सोशीत आश्रमासाठी वर्गणी मिळवीत राहिल्या. ‘माझे पुराण’ या त्यांच्या आठवणी १९४४ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा शारदा सदन सोडून त्यांना एक्कावन्न वर्षे झाली होती.